केला की केली

मु. चौसाळा
कार्तिक वद्य ५, शके १८३४

राजश्री बसप्पा यांस, चौसाळ्याहून कल्याणराव लिहितो.

अकरा वर्षांनी पत्र टाकतोय म्हणून भलता अर्थ काढू नये. दुकान उत्तम चाललं आहे. कुणापुढे तोंड वेंगाडायची पाळी शिवानं आणलेली नाही. आईची तब्येत ठणठणीत. दात तीनच उरलेत, पण हुकूम सोडायला तेवढे पुरतात. टपालवाला पेठेत दिसला की दारातून ओरडते, "कल्याणा, बसप्पाचा पत्र आली का?" या गावात सून म्हणून येऊन पन्नास वर्षं झाली, पण कानडी काही तिच्या जिभेवरून उतरत नाही. भाकर तिच्या लेखी अजून बुवा आणि हंडा अजून बाई.

आता कामाचं. आश्रुबा पाणाडी तुला आठवत असेल. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथं चुन्यानं गोल काढायचा. त्या गोलात खणलं की पाणी. आपल्या मुलखात त्यानं दाखवलेली विहीर कोरडी निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या आश्रुबाला जन्मठेप झाली आहे. म्हाळू नावाचा विहीर खणणारा होता. आश्रुबानं दाखवलेल्या जागेवर तो खणत होता. खाली काळा दगड लागला, तेव्हा आठवड्याच्या बाजारात दोघांची जुंपली. म्हाळू म्हणाला, "इथं पानी न्हाई बे, तुजा नारळ नासका हाय." आश्रुबानंही चार शिव्या हासडल्या. तिसऱ्या दिवशी म्हाळू त्याच विहिरीच्या तळाशी डोकं फुटून मेलेला सापडला. आश्रुबाला धरलं. अदालतीत त्यानं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली म्हणतात, आणि आता सुभ्याच्या जेलातून निरोप पाठवतो की मी कबूल केलंच नाही. त्याची बायको केसरबाई रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. काही मागत नाही, काही बोलत नाही. गिऱ्हाईक तिला ओलांडून आत येतं.

राधाकिशन कापूसवाला सालातून दोनदा हैदराबादेस जातो. त्याच्याकडून कळलं की तू ज्या वकीलसाहेबांकडे मोहरीर होऊन कारकुनी करतोस ते हायकोर्टात फौजदारी मुराफे चालवतात. मुराफा म्हणजे अपील, हे तुला मी काय सांगायचं! तो असंही म्हणाला की गेल्या सहा महिन्यांत हायकोर्टानं दोन जन्मठेपा उलटवल्या, त्यातली एक धारूरच्या माणसाची. धारूरच्या माणसाला जे मिळतं ते चौसाळ्याच्या माणसाला का मिळू नये? वकीलसाहेबांना विचारून कळवावं.

हे गावासाठी लिहितोय, माझ्यासाठी नाही. माझा या खटल्याशी संबंध एवढाच की पंच म्हणून मला बोलावलं होतं. अदालतीत मला खुर्ची दिली होती, हे मात्र राधाकिशननं तुला सांगितलं असेलच.

कल्याणराव


मु. चौसाळा
मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १८३४

बसप्पा यास,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी! "खटल्याच्या मिसलीची नक्कल काढली. मुन्शीनं आश्रुबाचे शब्द जसेच्या तसे उर्दू लिपीत लिहून पुढे उर्दूत तर्जुमा जोडला आहे. शब्द असे: त्या जागी खून म्याच केली. केला की केली? केसरबाईस विचारून कळवावे."

आईचं नाव नाही, खुशाली नाही. मी भडकलो. अकरा वर्षांनी थोरला भाऊ लिहितो आणि धाकटा त्याला बाई-बुवा शिकवतो! मला वाटलं, तू लग्नाच्या पंगतीचा सूड उगवतोयस.

ती पंगत मी विसरलो असं समजू नकोस. तुझ्या लहानपणी मी बाजार करून बैलगाडीनं परत आलो की तू पेठेच्या तोंडाशी उभा असायचास आणि लांबूनच आरोळी ठोकायचास, "दादा, मी तुझा वाट बघतो!" सगळी पेठ हसायची. पंगतीत तेच मी तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं आणि व्याह्यांकडे बघून म्हणालो, ज्याला वाट बाई की बुवा हे कळत नाही त्याला दुकानाची वाट काय दाखवायची! पंगत हसली. मांडवात शिवकांता नवी नवरी होऊन बसली होती, तिच्याही कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं निघून गेलात. मी थट्टा केली होती. थट्टा ही थट्टा असते. तर ते असो.

राग गिळून मी केसरबाईला पायरीवरून आत बोलावलं. म्हटलं, "बाई, तुझ्या नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांग, मी उतरवून घेतो." ती म्हणाली, "अवो सावकार, किती डाव सांगू? त्ये रडत व्हते. म्हनले, त्या जागी खून म्याच केली. म्या खून केली म्हनून म्हाळू तितं खनाया गेला, म्हनून मेला. पाप माजंच."

ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. तुला माहीत आहे, कागदावर माझं अक्षर आजवर चुकलेलं नाही. आपल्या गुरुजींची छडी होती ती. हातानं आपसूक ण लिहिला. खूण. आणि लेखणी तिथंच थांबली.

बसप्पा, खूण! चुन्याची खूण! तिच्याच तोंडून मी न ऐकला आणि हातानं ण लिहिला. आपल्याकडे बोलताना ण आहे कुणाच्या जिभेवर? पाण्याचं पानी, लोण्याचं लोनी, खुणेचं खून. आश्रुबा म्हणत होता की तिथं गोल मी काढला, म्हणून म्हाळू मेला. त्याला दुःख होतं ते आपल्या चुन्याचं. खून झाला असता तर तो "खून म्या केला" म्हणाला असता. तो म्हणाला, केली.

तुमच्या उर्दूत न एकच. बाणातला ण तिथं लिहायचा म्हटला तरी लिहिता येत नाही. पण मुन्शीनं केली हे केलीच लिहिलं, आणि ते तुझ्या नजरेला खुपलं. ज्याला गाव हसलं त्याच्याच नजरेला! हे मी केसरबाईला सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की धाकट्याला सापडलंय. मग ती पहिल्यांदाच आपणहून बोलली, "तुमचे बसप्पा लई शिकले म्हनायचे." मी म्हटलं, शिकणारच, भाऊ कुणाचा!

आणखी एक लिहून ठेव. म्हाळूचा दोर कुजका होता, हे गावाला ठाऊक आहे. पण कबुली आहे म्हटल्यावर दोराकडे कोण बघतो? तुटका दोर इतके दिवस विहिरीच्या काठाशीच पडून होता. मी उचलून दुकानात ठेवला आहे.

खालच्या अदालतीत मुन्शीला कुणा शहाण्यानं चुकीचा अर्थ सांगितला असावा. खेड्यात शहाण्यांना काय तोटा!

कल्याणराव


मु. चौसाळा
पौष वद्य ३, शके १८३४

चि. बसप्पास,

तू या खेपेस एकच ओळ लिहिलीस. "तर्जुम्याच्या खाली, तो बरोबर आहे अशी तस्दीक करणाराचं नाव आहे, ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला दोन पत्रं बोलू दिलंस. तुला हवं होतं की मी स्वतःच्या हातानं लिहावं. वकिलाच्या घरचं मीठ खाल्लंस, त्याचा हा गुण. घे तर मग.

तो शहाणा मी. कल्याणराव वल्द शिवप्पा, साहू, साकिन चौसाळा.

मुन्शी नवा होता, लखनौकडचा. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. अंमलदारानं विचारलं, इथं मराठी आणि दखनी दोन्ही जाणणारा मोतबर माणूस कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शिपायानं खुर्ची आणली. आपल्या घराण्यात सरकारच्या समोर खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. बाबांना ओट्याच्या खाली उभं राहावं लागायचं, तू पाहिलंयस. मी बसलो आणि दाराकडे बघत राहिलो, पेठेतल्या कुणाकुणाला दिसतंय ते. आश्रुबा रडत बोलत होता. शेवटी मुन्शी माझ्याकडे वळला. "खून किया, बोलता है?" मी म्हटलं, "जी हाँ. खूनच."

माझ्या मनात त्या वेळी चुन्याची खूण होती की काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मनात खुर्ची होती. त्यानं कागद पुढे केला, मी झोकात सही केली. खाली मोडीत सही, ण सकट.

सजा ऐकल्यावर गाव म्हणालं, आश्रुबानं कबूल केलं. मीही तेच म्हणत राहिलो. केसरबाई पायरीवर येऊन बसायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. ती माझ्या तोंडाकडे बघायची. तिला ठाऊक आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

आता काय करायचं ते सांग. खोटं बोलायला सांगशील तर बोलणार नाही. खरं बोलायला सांगशील तर जिथं म्हणशील तिथं उभा राहतो.

तुझा थोरला,
कल्याणराव

ता. क. आईला वाचून दाखवलं नाही. तरी तिनं माझं तोंड बघून विचारलं, "बसप्पा रागावली का?" मी म्हटलं, हो, रागावली.


मु. चौसाळा
चैत्र शुद्ध ९, शके १८३५

चि. बसप्पास अनेक आशीर्वाद.

हायकोर्टाच्या हुकमानं माझं बयान काल तहसिलीत झालं. तुझ्या वकीलसाहेबांचा अर्ज मंजूर झाला, हेच मोठं. तहसीलदारांनी मला शपथ दिली. सरकारी वकील जिल्ह्याहून आला होता, गळपट्टा लावलेला, लई चलाख. कचेरीचं आवार माणसांनी फुललं होतं. आपली सगळी पेठ दुकानं बंद करून आली होती. केसरबाई लिंबाच्या झाडाखाली बसली होती.

शिपायानं माझ्यासाठी खुर्ची आणली. मी म्हटलं, नको. उभा राहून बोलतो.

आधी मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, खुर्चीसकट. आवारात कुजबूज झाली. मग सरकारी वकील पुढे झाला. म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं, तुमच्या मुलखात ण बोलता येत नाही? बोला, पाणी."

मी म्हटलं, "पानी."

"लोणी."

"लोनी."

"कणीस."

"कनीस."

लोक हसायला लागले. तहसीलदारांनी टेबलावर हात आपटला. वकील म्हणाला, "आता बोला, खूण."

बसप्पा, मी जन्मभर लोकांची बोलणी काढली. आईची काढली, तुझी काढली. काल चारशे माणसांपुढे मान ताठ करून मोठ्यानं म्हणालो, "खून!" ण यावा म्हणून जीभ टाळूला लावून बघितली नाही. माझ्या जिभेवर आहे तेच बोललो. लोक खो खो हसले, आणि त्या हसण्यानं मला लाज वाटली नाही. उलट छाती भरून आली. एवढा अभिमान मला त्या खुर्चीतही वाटला नव्हता.

वकील सहजी सोडणारा नव्हता. म्हणाला, "बरं. पण या भागात माणसं केला आणि केलीत घोटाळा करतात. तुमच्याच भावाबद्दल गावात तसं सांगतात. मग आश्रुबानं केलाच्या जागी केली म्हटलं नसेल कशावरून?"

मी म्हटलं, "साहेब, तो घोटाळा फक्त कानडी बोलणाऱ्या घरात होतो. माझी आई मल्लम्मा हुमनाबादेकडची. तिची बोली मी जन्मापासून ऐकतोय, ती चूक मी कुठंही ओळखीन. आश्रुबाच्या सात पिढ्यांत कानडीचा वारा नाही. त्याची भाकर बाईच असते आणि हंडा बुवाच. आणि माझ्या भावाचं म्हणाल, तर ज्याला त्या चुकीसाठी हसलं गेलं त्यालाच केली दिसली. आम्ही शुद्ध बोलणारे आंधळे निघालो."

हे शेवटचं बयानात लिहायचं कारण नाही, असं तहसीलदार म्हणाले. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. दोरही दाखल करून घेतला.

परत येताना केसरबाई वाटेत थांबली. म्हणाली, "सावकार, मला पयल्यापासून ठावं व्हतं. म्हनून तर रोज तुमच्याच पायरीवर बसत व्हते." एवढंच बोलून ती पुढे गेली.

तुझा,
दादा


मु. चौसाळा
आषाढ शुद्ध ५, शके १८३५

बसू,

आश्रुबा सुटला. हे तुला मी काय सांगतोय! पण तू फक्त "मुराफा मंजूर, मुलजीम बरी", म्हणजे आरोपी निर्दोष, एवढं लिहिलंस. बाकीचं राधाकिशननं सांगितलं. त्या दिवशी तो मुद्दाम हायकोर्टात जाऊन बसला होता. पेठेत आल्या आल्या माझ्या गादीवर बसून त्यानं सगळी हकिगत सांगितली, आणि मी ती त्याच्याकडून तीनदा ऐकली.

तो म्हणाला, वकीलसाहेबांना मराठीचा मुद्दा नीट मांडता येईना, तेव्हा त्यांनी हात जोडून विनंती केली की माझा मोहरीर चौसाळ्याचा आहे, त्याला बोलू द्यावं. जजसाहेबांनी मान हलवली. तू मागच्या बाकावरून उठलास. एक जज म्हणाले, "मराठी में खून मुजक्कर है या मुअन्नस?" आपल्या भाषेत, बुवा की बाई. तू म्हणालास, "हुजूर, मुजक्कर. मर्द. उर्दू में भी, मराठी में भी. लेकिन खूण मुअन्नस है. मुलजीम ने औरत का लफ्ज बोला. तर्जुमे में वह औरत गुम हो गई." जज एकमेकांकडे बघून हसले, म्हणे. मग त्यांनी नक्कल जवळ ओढली आणि "केली"वर बोट ठेवलं.

राधाकिशन म्हणतो, तेव्हा तुझा आवाज जराही कापला नाही. अरे, कापेल कसा? बाई-बुवाचं आमच्या बसूला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला आहे? आम्ही तर ते फुकट शिकलो. तू मार खाऊन शिकलास.

फैसल्याचा तर्जुमा करून मी पेठेत वाचून दाखवला. त्यात माझंही नाव आहे. गवाहनं स्वतःची चूक बेखौफ कबूल केली, असं लिहिलंय. गाव म्हणालं, हे खुर्चीहून मोठं. मी म्हटलं, होय, मोठंच आहे. पण मोठ्यानं मी तुझं नाव वाचलं, दोनदा वाचलं. म्हणालो, हा माझा सख्खा भाऊ. पंगतीत मी याला हसलो होतो, तुम्हीही हसला होतात, आता मान खाली घाला. आणि सगळ्यांनी घातली, तो म्हातारा पाटीलसुद्धा.

आश्रुबा पंधरा दिवसांपूर्वी आला. वाळलाय. नारळ हातात घेईना. म्हणाला, "आता न्हाई, सावकार. माज्या खुनेनं मानूस मेला." जज काहीही लिहोत, त्याच्या मनातलं अपील चालूच होतं. मग परवा मी त्याचा हात धरून आपल्या परसात नेला. आईनं घरातला नारळ आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "आश्रुबा, आमचा आड आटली. नवा पानी दाव." तिचं ते बोलणं ऐकून तो हसला, जेलातून आल्यापासून पहिल्यांदा. मग चालायला लागला. कडुलिंबाच्या पलीकडे नारळ उभा राहिला. केसरबाईनं चुना दिला, त्यानं गोल काढला.

तर परसात खूण आहे. मी दोर नवा आणलाय, अंबाडीचा, दुहेरी पिळाचा. स्वतः ताणून बघितला. खणायला अजून हात लावू दिलेला नाही. पहिली कुदळ तू मारायची, असं आईनं ठरवलंय, आणि तिचा हुकूम फिरवायचा मुराफा कुठल्याच कोर्टात चालत नाही. शिवकांतेला घेऊन ये. तिला सांग, पंगतीत जे बोललो त्याची माफी त्याच पंगतीच्या जागेवर मागीन, व्याह्यांना बोलावून.

कधी येणार ते टपालानं कळव. गाडी येईल त्या दिवशी मी पेठेच्या तोंडाशी उभा असेन आणि लांबूनच ओरडेन. गावाला हसायचं तर हसू दे.

बसू, मी तुझा वाट बघतो.

दादा